मुकणीचा अर्क

सोमवार, ८ जानेवारी १९२३

पोचलो एकदाचा. लातूर स्टेशनापासून दोन दिवस बैलगाडी आणि सोबत काचेच्या सामानाच्या तीन पेट्या. दर खड्ड्याला मी गाडीवानाला हळू घे म्हणायचो आणि तो तेच बैलांना सांगायचा. बैल शहाणे निघाले. दोनशे परीक्षानळ्यांतल्या सहाच फुटल्या, आणि त्याही पेटी उतरवताना माझ्याच हातून.

गावाला लोक आंबेजोगाई म्हणतात, सरकारी कागद मोमिनाबाद म्हणतो. हैदराबादेत प्लेगनं पुन्हा डोकं वर काढलं, म्हणून आमच्या कॉलेजानं शेवटच्या वर्षाचा रसायनाचा वर्ग इथल्या रिकाम्या छावणीत हलवला आहे. घोडदळाचा रिसाला इथून जाऊन वीस वर्षं झाली. प्रयोगशाळा म्हणून मला घोड्यांचा तबेला मिळाला. लांबलचक, हवेशीर, दोन्ही अंगांनी उजेड. गव्हाणीत हात धुवायचे, खुंट्यांवर रबरी नळ्या टांगायच्या. कॉलेजातल्या त्या कोंदट खोलीपेक्षा हा तबेला मला लाख पटीनं आवडला.

मी डेमॉन्स्ट्रेटर. सेंद्रिय रसायनाचे प्रयोग मुलांकडून करून घ्यायचे एवढंच काम, तेही मे अखेरपर्यंतच. विद्यार्थी नऊ. शिकवायचं उर्दूत, आणि माझं उर्दू ऐकून पहिल्याच तासाला मागच्या रांगेत खसखस पिकली. पिकू दे. हसणारी पोरं लवकर शिकतात.

पण ही पाच महिन्यांची नोकरी मी धावत जाऊन घेतली ती काही तबेल्यासाठी नाही. इथून केज पाच-सहा तासांच्या गाडीवाटेवर आहे, आणि केजला माझी मनकर्णा आहे. पाच वर्षांची. गेल्या फेब्रुवारीत जानकी प्लेगनं गेली, तेव्हापासून पोर आजीकडे आहे. मला इथं राहायला दोन खोल्या मिळाल्यात, पुढं अंगण आहे. मनूला इथं आणायचं. दुसरं काही डोक्यात नाही.

शुक्रवार, १२ जानेवारी

जुम्म्याची सुट्टी. धुणं केलं, दाढी केली, आणि आता वही उघडली आहे.

इथं नळ नाही. वाफ थंड करायला वाहतं पाणी लागतं, म्हणून आम्ही आढ्याला माठ टांगून त्यातून नळी काढली आहे. माठ भरायचं काम धोंडीराम करतो. हा प्रयोगशाळेचा शिपाई, साठीचा, रिसाल्याच्या वेळी याच तबेल्यात घोड्यांना खरारा करायचा. आता माझ्या काचेच्या भांड्यांना करतो, आणि घोडे जास्त गुणी होते असं म्हणतो.

मुलांत दोघं लगेच नजरेत भरली. तलवाड्याचा शहादेव, ज्याला सगळं कालच व्हायला हवं असतं, आणि उत्तरेश्वर, जो गाळणी लावायच्या आधी मार्क किती ते विचारतो. वह्यांत चार रकाने आखून घेतले: रंग, वास, चव, वितळण्याचा अंक. चवीचा रकाना पाहून नवी पोरं दचकतात. आमची रीतच आहे ती. जिभेच्या शेंड्याला कण लावायचा, थुंकायचं आणि चूळ भरायची. मी गेली सात वर्षं हेच करतो आहे आणि अजून धडधाकट आहे.

शनिवार, २० जानेवारी

काल केजला होतो. लिहायची लाज वाटते, पण वहीपुढे कसली लाज.

मनू अंगणात सागरगोटे खेळत होती. मला बघून पळत आली. तिच्या कपाळावरचे केस जानकीसारखेच वळतात. मी तिला उचललं आणि माझा बांध फुटला. वर्ष होत आलं तरी हे थांबत नाही. पोर घाबरली, तीही रडायला लागली, आणि भर दुपारी आम्ही दोघं ओसरीवर हमसाहमशी रडत बसलो.

सासूबाईंनी, भिवराबाईंनी, आधी जेवू घातलं. मग मी मनूला नेण्याचा विषय काढला. त्या म्हणाल्या, "पोर तुमचीच हाय, मी न्हाई कवा म्हनलं? पर आधी तुमी सावरा. तुमी येऊन रडून जाता अन् पोर मंग आठ दिस जेवत न्हाई."

त्यांची स्वतःची लेक गेली आहे आणि त्या पोरीसमोर डोळ्यांतून टिपूस काढत नाहीत. परतीच्या गाडीत मी ठरवलं, पुढच्या खेपेला रडायचं नाही. ठरवून हे जमतं का, देव जाणे.

गुरुवार, २५ जानेवारी

रसायनांची पेटी हैदराबादेहून अजून आलेली नाही. प्रोफेसरसाहेबांचं पत्र मात्र आलं, की जे आहे त्यात भागवा. माझ्याकडे स्पिरिट आहे, ईथर आहे आणि नऊ रिकामटेकडी पोरं आहेत.

धोंडीराम दोन दिवस आला नव्हता. त्याचा भाऊ वारला. आज आला तेव्हा त्याची जीभ जड होती आणि ओठ हिरवे दिसत होते. विचारलं तर त्यानं इथली रीत सांगितली. मसणवट्यातून परतलं की इतर गावी कडुलिंबाचा पाला चावतात. इथं मुकणी चावतात. नदीकाठी मसणवट्याच्या आसपासच उगवणारं काटक झुडूप. उंबऱ्याबाहेर उभं राहून पाला चावायचा. जीभ बधिर होते, पाठोपाठ छातीही घटकाभर बधिर होते. पण कडू इतका जहर की तोंडात ठेववत नाही. तो थुंकायचा, चूळ भरायची, मग घरात पाय टाकायचा आणि मग रडायचं.

"चावायची अन् थुकायची," धोंडीराम म्हणाला. "गिळली तं मानूस उंबऱ्यातच ऱ्हातो, मास्तर."

असं कोणाचं झालं ते त्यानं सांगितलं नाही. मी फार खोदलंही नाही, कारण माझं डोकं भलतीकडेच धावत होतं. पाल्यात काहीतरी आहे, आणि ते अजून कोणी वेगळं काढलेलं दिसत नाही. मुलांना तीन आठवड्यांचं काम मिळालं. उद्याच टोपल्या घेऊन जाऊ.

सोमवार, ५ फेब्रुवारी

आज काम फत्ते झालं. पाला वाळवला, कुटला, आठवडाभर स्पिरिटात भिजत घातला. मग स्पिरिट उडवलं, तेजाबाच्या पाण्यात उकळलं, गाळलं, ईथरमध्ये घेतलं. सकाळी ताटलीत पांढऱ्या सुया उभ्या होत्या. शहादेवनं नाचायचंच बाकी ठेवलं. वितळण्याचा अंक ११७, तीनदा तोच आला. वास नाही.

खाली उरला तो काळा, दाट काढा. कडू म्हणजे इतका कडू की भांडं धुतलेल्या पाण्यानं धोंडीरामला ओकारी आली. तो लोणच्याच्या बरणीत भरून कपाटात ठेवला आहे, पुढंमागं उपयोगी पडेल म्हणून.

चवीचा रकाना भरायला मी एक कण जिभेला लावला. आश्चर्य म्हणजे कडू अजिबात नाही. चवच नाही. जीभ हळूच नाहीशी झाल्यासारखी वाटली आणि मी तो कळायच्या आत गिळलाही. थुंकावंसं वाटलंच नाही, थुंकण्यासारखं तोंडात काही नव्हतंच.

संध्याकाळी पेटी उघडून जानकीचं हिरवं लुगडं बाहेर काढलं. हे मी रोज करतो आणि रोज पुढं काय होतं ते इथं लिहिलेलं नाही. आज घडी घालून परत ठेवलं. बस इतकंच. किती दिवसांनी छातीवरचा दगड उतरला म्हणून सांगू.

शनिवार, १० फेब्रुवारी

कणाचा असर दोन दिवस टिकला. बुधवारी उतरला आणि दोन दिवसांचं साठलेलं एकदम आलं. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो, मुलांना कळू दिलं नाही. म्हणून गुरुवारी निघण्यापूर्वी दोन कण घेतले.

केजला काल सगळं व्यवस्थित झालं. मनूला उचललं, खाली ठेवलं, खाऊ दिला. सासूबाई माझ्याकडे बराच वेळ बघत होत्या. मग त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. म्हणाल्या, आता सावरलात, पुढच्या आठवड्यात शेजाऱ्यांच्या गाडीतून पोरीला धाडते.

मला आनंद झाला. म्हणजे व्हायला हवा तितका झाला असावा.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

मुलांनी वह्या पुऱ्या केल्या. चवीचा रकाना भरायचा राहिला होता. एकेकाला एक कण दिला आणि थुंकायला बजावलं. गव्हाणीशी रांगेत उभे केले. कण तोंडात गेल्यावर नऊही जण तसेच उभे राहिले. कोणी थुंकलं नाही. उत्तरेश्वर म्हणाला, "सर, यात थुंकण्यासारखं काही न्हाई."

एवढं सोडलं तर तास शांततेत गेला. फारच शांततेत. मागची रांगसुद्धा हसली नाही.

शनिवार, १७ फेब्रुवारी

मनू आली. सोबत गाठोडं, सागरगोटे आणि आजीनं दिलेले तिळाचे लाडू. खोल्या दाखवल्या. अंगण दाखवलं. इतके दिवस हाच दिवस डोळ्यांपुढं आणून जगलो, त्याची नोंद म्हणून हे लिहितो आहे.

ती माझ्या तोंडाकडे सारखी बघते. मी हसलो. तिनं नजर काढून घेतली.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

आज बुचात काचेची नळी घालताना शहादेवच्या हातात नळी मोडली. तळहातातून शिरून मागच्या बाजूनं बाहेर आली. अशा वेळी पोरं किंचाळतात. शहादेवनं नळीकडे पाहिलं आणि दुसऱ्या हातानं बूच उचललं. रक्त वहीवर पडत होतं आणि तो वही सरकवत होता. मीही आधी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं. मग चिंधी बांधली. हे नंतर ध्यानात आलं.

मुलं रोज कपाटातून कण घेतात. मी पुड्या मोजत नाही. मीही रोज घेतो. आता असर उतरत नाही, तरी घेतो.

मनू मधल्या सुट्टीत तबेल्यात आली होती. ती कपाटापाशी उभी राहिली, कान लावला, आणि मला विचारलं, "बाबा, तुमी त्या बरणीत कावून रडता?"

मी कान लावला. मला काही ऐकू आलं नाही. धोंडीराम माठ भरत होता, तो घडवंचीवरून उतरला आणि बाहेर जाऊन बसला. त्याला विचारलं. त्याला गेले पंधरा दिवस ऐकू येतं म्हणाला. आधी एकट्या माझा आवाज होता. आता दहा आहेत.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

उत्तरेश्वरच्या गावाहून माणूस आला. उत्तरेश्वरची आई गेली. अग्नी द्यायला हाच हवा, थोरला मुलगा म्हणून. उत्तरेश्वरनं ऐकून घेतलं, आणि हे ऊर्ध्वपातन अर्धं सोडलं तर मार्क कापणार का असं मला विचारलं. मी कापणार म्हणालो. नियम तसा आहे. तो बसून राहिला. आलेला माणूस आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत मागे सरला आणि दारातून पळाला.

वही चाळताना तारखेकडे लक्ष गेलं. जानकीचं वर्षश्राद्ध गेल्या बुधवारी होतं. मी विसरलो. विसरलो हे लिहिताना काही वाटेल म्हणून थांबून पाहिलं.

नाही.

शनिवार, ३ मार्च

धोंडीराम नोकरी सोडून गेला. जाताना कपाटापाशी मला घेऊन गेला आणि हात जोडले. "मास्तर, समदं कडू हितं हाय. घोटभर घ्या. तुमचं तुमाला माघारी भेटंल. पोरीसाठी घ्या."

त्याचं म्हणणं बरोबर आहे. मी आज ते नीट मांडून पाहिलं. पाल्यात दोन गोष्टी होत्या. एक बधिर करणारी आणि एक कडू. कडूपणामुळे माणूस थुंकायचा, थुंकला की घरात यायचा. मी कडू गाळून बाजूला काढलं. अर्क शुद्ध करायचा म्हणजे तेच करायचं असतं. सात वर्षं तेच शिकवतो आहे. चूक कुठे झाली ते कळलं आहे. कळणं आणि वाटणं यांत किती अंतर असतं, ते मोजायला माझ्याकडे उपकरण नाही.

बरणीचं झाकण उघडलं. धोंडीराम कानांवर हात घेऊन दारात उभा होता. मला आत फक्त काळं दिसलं. घोट घेतला की सगळं परत येईल. मग मी रडेन. मग सासूबाई येतील आणि मनूला घेऊन जातील.

झाकण लावलं. धोंडीरामला म्हणालो, उद्या घेतो.

सोमवार, ५ मार्च

मनू रडते. सकाळपासून. केजला जायचं म्हणते. हे बाबा न्हाईत म्हणते.

जेवत नाही. मी भात कालवून पुढं ठेवला. तिनं ताटली सारली. माझ्या हाताला कशाचाच वास येत नाही असं म्हणाली.

प्रेम आहे. ते मला माहीत आहे, जसा ११७ हा अंक माहीत आहे.

मुलं येतात. बसतात. आज कोणी दिवा पेटवला नाही. शहादेवचा हात काळा पडला आहे. वास येत असावा. माश्या आहेत.

मंगळवार, ६ मार्च

अजून रडते. आवाज बसला आहे तरी रडते. पोरीला किती त्रास. बापानं काहीतरी करायला हवं. मी बाप आहे.

तराजू लावला. माझं वजन एक मण साडेबारा शेर. तिचं सोळा शेर. त्या मानानं अर्धा कणही पुरे. तरी एक पूर्ण घेतला, अर्धा तोडताना चुरा होतो म्हणून.

लाडवात घालून —

दोन वाजून वीस मिनिटं. तिनं चावलं. तोंड वाकडं केलं नाही. मी थुंक म्हणालो. एकदा म्हणालो, हे लिहून ठेवतो. तिनं गिळलं.

दोन वाजून चाळीस. रडणं थांबलं.

आता बरं आहे.

बुधवार, ७ मार्च

मनू तबेल्यात माझ्यासमोर बाकावर बसली आहे. नाव विचारलं, सांगितलं. आईचं नाव विचारलं, सांगितलं. सागरगोटे दिले. हातात धरून बसली.

आज वर्गात कोणी आलं नाही. का ते बघायला हवं होतं. बघितलं नाही.

छावणीबाहेरून एक बाई ओरडून सांगून गेली की तबेल्यात लहान पोर रडतंय, कोणीतरी घ्या त्याला. मी मनूकडे पाहिलं. ती रडत नव्हती. कपाट बंद आहे.

घोट घ्यावा, असं सकाळी ठरवलं. मग उद्या. किंवा —

दुपार. बाकाच्या टोकाला स्पिरिटचा दिवा लावला. कशासाठी ते आठवत नाही. उन्हात स्पिरिटची ज्योत दिसत नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो. मनू बाकावर सरकून दिव्याजवळ गेली. परकराचा काठ तिथं आहे. बाकापासून माझं अंतर सहा पावलं.

काठ तपकिरी झाला. आता काळा. मनू बघते आहे. परकर मागं घेत नाही. ओरडत नाही. उठायला हवं, हे मला कळतं. अगदी स्वच्छ कळतं. एवढी ओळ पुरी करून —

धूर. ती माझ्याकडे बघते आहे. बाबा म्हणाली. नुसतं बाबा, हाक नाही. उठतो. मनू, मी उठतो आहे, पाय —